लंडनचा कंजेशन चार्ज आणि परदेशी वकिलाती

लंडनच्या मध्यभागी मोटार नेणाऱ्यांकडून १७ फेब्रुवारी २००३ पासून हे शुल्क घेतले जाते. आरंभी ते दिवसाला ५ पौंड होते. वकिलातींनी ते भरावे का, हा वाद १९६१ च्या व्हिएन्ना करारातील ३४ व्या कलमाभोवती फिरतो. हे कलम राजनैतिक अधिकाऱ्यांना करमाफी देते, पण विशिष्ट सेवेचा मोबदला माफ करीत नाही. ब्रिटनच्या मते हे शुल्क टोलसारखा मोबदलाच आहे. अमेरिका त्याला कर मानते आणि २००५ पासून भरत नाही. तिचा युक्तिवाद अगदीच लंगडा नाही: पैसे भरून रस्त्यावर वेगळी अशी सेवा मिळत नाही, जमलेली रक्कम शहराच्या एकूण वाहतुकीवर खर्च होते. २००६ मध्ये महापौर केन लिव्हिंगस्टन यांनी अमेरिकी राजदूताला चक्क भामटा ठरवले. त्यानेही तिजोरीत काही पडले नाही. कॅमेरे गाडीचा क्रमांक टिपतात, दंडाची नोटीस निघते. मात्र राजनैतिक संरक्षणामुळे पुढे वसुली खुंटते. २०२३ अखेर थकबाकी १४ कोटी पौंडांवर गेली होती. थकबाकीदारांत अमेरिका व जपानपाठोपाठ भारताचे उच्चायुक्तालय होते.