टेकू

जबलपुरातील दीक्षितपुऱ्याच्या गल्ल्या ज्या काळी आखल्या गेल्या त्या काळी आखणाऱ्यांच्या मनात डोली, घोडा, फार तर छकडा यांपलीकडचे वाहन नव्हते, ही गोष्ट बड्या फुहाऱ्याच्या चौकाकडून आत वळणाऱ्या कोणत्याही मोटारवाल्याला दहा पावलांत कळून चुकते. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे राज्य घेतले, पुढे हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली गेला आणि १८१८ साली इंग्रजांच्या हाती आला. त्या मराठी अमदानीच्या आगेमागे, आणि नंतर रेल्वे, कचेऱ्या व कारखाने यांतील नोकरीच्या निमित्ताने, जी मराठी कुटुंबे जबलपुरात स्थिरावली त्यांपैकी आमचे एक. आमच्या घराला अंगण होते ते विहिरीपुरते. त्यामुळे मोटार आली तेव्हा तिची दुरुस्ती गल्लीतच, साऱ्या मोहल्ल्याच्या देखत होऊ लागली, आणि मोटार उचलून धरण्याच्या विद्येचा इतिहास मला प्रथम ग्रंथात न भेटता गाडीखाली उताणे पडलेल्या काकांच्या बाहेर राहिलेल्या दोन पायांच्या रूपाने भेटला.

ही विद्या मोटारीबरोबर आली असे मात्र नव्हे. बैलगाडीच्या आखाला वंगण घालावयाचे तर टोकाची खीळ काढून चाक ओढून घ्यावे लागे, आणि चाक निघण्यापूर्वी गाडीचा भार दुसऱ्या कशावर तरी ठेवावा लागे. तेव्हा एकजण वाशाची तरफ करून गाडी वीतभर उचली आणि दुसरा तत्क्षणी आखाखाली ओंडका सरकवी. उचलणाऱ्याच्या खांद्यावर भार राहावयाचा तो ओंडका बसेपर्यंतच. बैल सोडल्यावर जू भुईला टेकू नये म्हणून गाडीच्या पुढच्या अंगाला जो लाकडी दांडा उभा करीत त्याला तर आपल्याकडे 'शिपाई' असेच नाव होते, आणि फारसीतून आलेले ते नाव मोठे अन्वर्थक आहे, कारण शिपाई काही उचलीत नाही, तो केवळ उभा राहतो. इंग्रजांच्या जॅकचे नावही चाकराचेच. जॅक हे त्यांच्याकडे कोणाही सामान्य गड्याचे नाव, आणि जे यंत्र गड्याचे काम करी त्याला ते चिकटत गेले. फरक इतकाच की हा गडी ओझे उचलण्यासाठी ठेवलेला, पहाऱ्यासाठी नव्हे. त्याच्याकडून पहाऱ्याचेही काम करून घेणे हा मोटार-दुरुस्तीतील सर्वांत घातक गैरव्यवहार होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

जॅकची वंशावळ तशी लांब आहे. तेराव्या शतकातील फ्रेंच कारागीर व्हिलार द ओनकूर याच्या चित्रवहीत वजन उचलणारा स्क्रू रेखाटलेला आढळतो. १७९५ मध्ये इंग्लंडात जोसेफ ब्रामा याने द्रवदाबावर चालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले, आणि १८५१ मध्ये न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजन याने तेच तत्त्व हाताने वाहून नेता येईल अशा जॅकमध्ये आणले. या दोन घराण्यांचे स्वभाव भिन्न आहेत. स्क्रूच्या आट्यांतील घर्षण इतके असते की हात सोडला तरी वरचा भार त्याला उलटा फिरवू शकत नाही. तो खचत नाही, कलंडतो मात्र. तेलाचा जॅक कलंडतो तर खराच, शिवाय तो बसतो: आतला वायसर झिजला म्हणजे दाबलेले तेल थेंबाथेंबाने मागे सरते आणि गाडी कोणाच्या लक्षात न येता खाली येऊ लागते. १९२५ च्या सुमारास अमेरिकेतील मेम्फिस शहरी पीटर लुनाटी याने न्हाव्याच्या वरखाली होणाऱ्या खुर्चीवरून कल्पना घेऊन सबंध मोटार उचलणारा खांब तयार केला खरा. पण ते वैभव गॅरेजवाल्यांचे. गल्लीतल्या माणसाच्या नशिबी डिकीतला जॅकच राहिला.

जबलपूरकरांना जड वस्तूंचा सहवास अंमळ अधिकच घडला. १८७० मध्ये मुंबईकडचा आणि कलकत्त्याकडचा लोहमार्ग येथे एकमेकांस मिळाला. १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना उभा राहिला, आणि तोफगाडा म्हणजे तरी दुसरे काय, तोफेखालचा चाके लावलेला टेकूच. त्याच कारखान्यात १९५९ पासून शक्तिमान ट्रक जोडले जाऊ लागले, १९६९ मध्ये वाहनांचा स्वतंत्र कारखाना निघाला, आणि जोंगा नावाची जी लष्करी गाडी पुढे देशभर धावली तिच्या नावातच जबलपूर व तोफगाडा यांची इंग्रजी आद्याक्षरे गुंफलेली आहेत. काका या कारखान्यात फिटर होते. त्यांनी लिलावातल्या जुन्या रेल्वे-स्लीपरांचे सालाचे लाकूड कापून हातभर लांबीचे आठ गुटके केले होते, आणि ते दोन-दोन आडवे-उभे रचून आखाखाली त्यांची चौकट उभी केल्याखेरीज ते गाडीखाली शिरत नसत. विटांचा त्यांना तिटकारा. वीट भिंतीत सगळीकडून दाबली जाते म्हणून टिकते, एका बिंदूवर भार आला की फुटते, आणि फुटण्यापूर्वी कुरकुरतही नाही. लाकूड निदान आधी कण्हते. हे सांगताना ते गुटक्यावर टिचकी मारीत, जणू जातिवंत बैलाची पाठ थोपटावी.

इतके पाहूनही मी चुकलोच. काकांच्या एका स्नेह्याची, युद्धानंतर डिस्पोजलमध्ये घेतलेली जुनी विलीज जीप दारासमोर उभी होती. गल्लीला नालीकडे किंचित उतार. मी हातब्रेक ओढला, गिअर टाकला, मागचे डावे चाक उचलून काढले आणि, केवळ आळसामुळे, ते बाजूला न नेता गाडीच्या चौकटीखालीच आडवे सारले. क्षणभराने जीप एक दीर्घ उसासा टाकल्यासारखी पुढे सरकली, जॅक तिरपा होऊन घंटेसारखा वाजला आणि गाडीचा कोपरा त्या आडव्या चाकावर येऊन बसला. मी अद्याप खाली शिरलो नव्हतो. आवाजाने धावत आलेले काका म्हणाले, "भैया, ब्रेक कुणाला लावला होतास?" आणि मग चौकशी सुरू झाली. त्या जीपचा हातब्रेक मागच्या चाकांना पकडीत नाही, तो मागे जाणाऱ्या दांड्याला पकडतो. एक चाक हवेत उचलले की दांडा जखडलेला असूनही मधल्या दंतचक्रांच्या करामतीने अधांतरीचा ड्रम उलटा फिरतो आणि जमिनीवरचे चाक खुशाल पुढे जाते. गिअरही त्याच दांड्यावर असल्याने तोही निरुपयोगी. पुढच्या दोन्ही चाकांना पाचरी मारल्या असत्या तर जीप जागची हलली नसती. त्या पाचरी ओट्यावर, माझ्या चहाच्या कपाशेजारी होत्या.

जबलपूरच्या माणसाचा तोलून उभ्या असलेल्या वस्तूंवर जन्मजात फाजील विश्वास असतो, असा मला कधीकधी संशय येतो. मदनमहालाजवळची ती प्रचंड शिला दुसरीच्या माथ्यावर जेमतेम टेकून उभी आहे आणि २२ मे १९९७ च्या पहाटे भूकंपाने शहरातली घरे पाडली तेव्हाही ती ढळली नाही, हे आम्ही पाहुण्यांना इतक्या वेळा सांगितले आहे की जॅकवर उभी मोटारही त्याच गोत्रातली वाटू लागते. पण शिलेखाली कोणी पाना घेऊन निजत नाही. अकराशे किलोंहून जड अशा अँबॅसडरचा एक कोपरा म्हणजे तीन-चार धडधाकट माणसे छातीवर बसल्यासारखे.

त्या जीपनंतर माझ्याकडून घटवून घेतलेला शिरस्ता असा होता: आधी जमीन पाहावी, कारण वैशाखात डांबर मऊ होते आणि जॅकचे बूड त्यात रुतते, म्हणून खाली फळी, मग भुईवर राहणाऱ्या चाकांना दोन्हीकडून पाचरी, चाकाच्या चाक्या गाडी जमिनीवर असतानाच थोड्या ढिल्या कराव्यात, वर गेल्यावर हिसके नकोत, मग उचलून आखाखाली गुटके, जॅक थोडा उतरवून भार खरोखर गुटक्यांवर आणावा, आणि शेवटी, शिरण्यापूर्वी, गाडीला कंबरेने दोन धक्के. काढलेले चाक मात्र गाडीच्या चौकटीखाली आडवेच राहू द्यावे. माझ्या आळसाला एवढी एक सनद काकांनी दिली.

मोटार विकली गेली तेव्हा जॅक तिच्याबरोबर गेला. गुटक्यांपैकी चार आमच्याकडे उरले आहेत. दोहोंवर आखाच्या नळीचा अर्धगोल खोल उमटला आहे. पावसाळ्यात ओल लागू नये म्हणून गव्हाची कोठी आता त्यांच्यावर ठेवलेली असते, आणि कोठी सारून खालची फरशी पुसताना आईची दर वर्षी तीच तक्रार असते, की या लाकडाचा वंगणाचा वास काही जात नाही.