ग्रेगसन मार्गावरील रेल्वे पूल, डरहॅम

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील डरहॅम शहरात साउथ ग्रेगसन या एकेरी वाहतुकीच्या रस्त्यावरून रेल्वेमार्ग नेणारा हा छोटा पूल १९४० मध्ये बांधण्यात आला. त्याची मोकळी उंची, म्हणजे रस्त्याच्या पृष्ठभागापासून पुलाच्या तळापर्यंतचे अंतर, अवघी ११ फूट ८ इंच (३.५६ मी.) होती, मालट्रकांना मात्र राज्यात १३ फूट ६ इंचांपर्यंत (४.११ मी.) उंचीची मुभा असल्याने, उंच वाहनांची छते येथे वारंवार आदळून सोलली गेली आणि पुलाला ‘कॅन ओपनर’ हे टोपणनाव मिळाले.

डरहॅममध्ये रेल्वे आधी आली आणि शहर नंतर वसले. नॉर्थ कॅरोलायना रेल्वे कंपनीला १८४९ मध्ये सनद मिळाली, बार्टलेट डरहॅम या डॉक्टरांनी स्थानकासाठी जमीन दिली, आणि पुढे तंबाखूच्या व्यापारावर स्थानकाभोवती नगर वाढले. पुलाजवळची ब्राइटलीफ येथील जुनी विटांची गोदामे याच व्यापाराची आहेत. ही कंपनी आज राज्याच्या मालकीची असून तिच्या मार्गावर नॉरफोक सदर्नच्या मालगाड्या आणि अ‍ॅमट्रॅकच्या प्रवासी गाड्या धावतात.

पूल बांधला गेला तेव्हा किमान मोकळ्या उंचीचे मानक ठरलेले नव्हते. पुढे ट्रक उंच होत गेले, तरी हा पूल बदलणे सोपे नव्हते. रस्ता खोल करावा, तर त्याच्या लगेच खालून शहराची मुख्य मलवाहिनी जाते. रूळ उचलावेत, तर आगगाडीला अतिशय सौम्य चढच पेलत असल्याने दोन्ही बाजूंचा रेल्वेमार्ग लांबवर उचलावा लागतो आणि त्यात आसपासच्या इतर छेदमार्गांची पातळीही बदलते. रूळ आणि मलवाहिनी यांच्यामध्ये रस्ता असा अडकलेला असल्याने, येथील अपघातांचा सारा दोष चालकांच्या बेफिकिरीवर टाकणे अपुरे ठरते.

पुलाच्या अलीकडे एक भक्कम पोलादी तुळई आडवी बसवलेली आहे. भारतात कमी उंचीच्या रेल्वे भुयारी मार्गांपुढे रोवलेल्या लोखंडी कमानीप्रमाणे धक्का ती स्वतःवर घेते. तिच्यामुळे पूल आणि त्यावरची गाडी वाचते, ट्रक वाचत नाही. सूचनाफलक आणि लुकलुकणारे दिवे यांनी भागेना, म्हणून २०१६ मध्ये उंच वाहन हेरणारी संवेदक यंत्रणा सिग्नलला जोडण्यात आली: असे वाहन येताच लाल दिवा लागतो आणि वळण घेण्याची सूचना उजळते, जेणेकरून थांबलेल्या चालकाला ती वाचण्यास वेळ मिळावा. तरीही धडका थांबल्या नाहीत. भाड्याचा ट्रक प्रथमच चालवणाऱ्याला आपल्या वाहनाची उंचीच ठाऊक नसेल, तर कोणताही फलक त्याच्या फारसा कामी येत नाही. जवळच्या कार्यालयात काम करणाऱ्या एका रहिवाशाने २००८ पासून कॅमेरे लावून शंभराहून अधिक धडका चित्रित केल्या आणि हा पूल जगभर ठाऊक झाला. ही चित्रफीत करमणूक म्हणून पाहिली गेली असली, तरी रस्ता-सुरक्षेच्या अभ्यासाला इतकी सलग दृश्यनोंद क्वचितच लाभते, हे तिचे खरे मोल होय.

ऑक्टोबर २०१९ मध्ये पूल ८ इंचांनी उचलण्यात आला आणि मोकळी उंची १२ फूट ४ इंच (३.७६ मी.) झाली. त्यानंतर काही आठवड्यांतच पुन्हा एक ट्रक तुळईला घासला. कायद्याने मुभा असलेल्या सर्वांत उंच वाहनापेक्षा हा मार्ग अजूनही १४ इंचांनी ठेंगणा आहे.