फणी, पेटी आणि एक मुलगी

(समुदाय रेडिओवर झालेलं भाषण)



मागच्या वर्षी लेकीच्या बाळंतपणासाठी मी तीन महिने डेन्मार्क देशात होते. कोपनहेगन हे तिथलं राजधानीचं शहर. नातीला न्हाऊ घालायचं, लेकीला अळिवाची खीर करून द्यायची, यातच दिवस जात होते. दीड महिना झाल्यावर एक दिवस लेक म्हणाली, "आई, चल, बाळाला गाडीत घालू आणि तुला इथलं राष्ट्रीय संग्रहालय दाखवते."

मी म्हटलं, "अगं, राजांच्या तलवारी आणि मुकुट बघून मी काय करू?" शाळेत इतिहास म्हणजे लढाया आणि सनावळ्या, एवढंच मला माहीत. पण गेले, आणि बरं झालं गेले.

हे संग्रहालय एका जुन्या वाड्यात आहे. एके काळी राजपुत्रासाठी बांधलेला तो वाडा. तळमजल्यावर सगळ्यात जुन्या काळच्या वस्तू आहेत. लेक पाट्या वाचून मला मराठीत सांगत होती. आपल्या मुलांच्या पुस्तकात अश्मयुग, कांस्ययुग, लोहयुग असे धडे असतात ना? ही वाटणी याच संग्रहातल्या वस्तू लावताना झाली. दोनशे वर्षांपूर्वी ख्रिश्चन थॉमसेन नावाचे गृहस्थ तिथलं काम बघत. दगडाच्या वस्तू एकीकडे, काशाच्या दुसरीकडे, लोखंडाच्या तिसरीकडे, अशा त्यांनी लावल्या. शेतकरी बघायला आले की थॉमसेन स्वतः त्यांना फिरून सगळं दाखवत. कारण जुन्या वस्तू सापडतात त्या नांगराच्या तासात. शेतकऱ्याला त्यांची किंमत कळली, तरच त्या वाचणार.

तसंच घडलेलंही आहे. १९०२ साली एका दलदलीच्या जमिनीत नांगरट चालू असताना काशाचा एक छोटा घोडा वर आला. सूर्याची गोल चकती ओढणारा. चकतीच्या एका बाजूला सोन्याचा पत्रा, ती दिवसाची बाजू. दुसरी बाजू काळोखी, ती रात्रीची. ते बघताना मला आपलं दायमाबाद आठवलं. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या त्या गावी १९७४ साली झाडाचं मूळ खणताना एका माणसाला बैल जुंपलेला धातूचा रथ सापडला होता. दोन्हीकडे इतिहास वर काढला तो मातीत राबणाऱ्या हातांनी.

पण मी खिळून उभी राहिले ती पुढच्या दालनात. काचेच्या मागे ओक झाडाचं पोखरलेलं जाड खोड आहे. तीच शवपेटी. तिच्यात सोळा ते अठरा वर्षांची एक मुलगी निजवलेली होती. एग्टवेड नावाच्या गावी १९२१ साली एक शेतकरी आपल्या रानातला मातीचा उंचवटा काढत होता, तेव्हा ती सापडली. खोडातली वलयं मोजून शास्त्रज्ञांनी सांगितलं, हे झाड इसवी सनापूर्वी १३७० साली तोडलं. म्हणजे जवळपास ३४०० वर्षांपूर्वी. तिची हाडं विरून गेली आहेत, पण केस, नखं, दात आणि कपडे राहिले आहेत.

कपडे कसे म्हणाल? कोपरापर्यंत बाह्यांची लोकरीची चोळी. कमरेला दोन वेढे घेतलेला, लोकरीच्या दोऱ्यांचा आखूड परकर. पोटावर काशाची मोठी नक्षीदार चकती, हातात काशाची कडी, कानात बारीक बाळी. कमरेला शिंगाची फणी. डोक्याशी सालीची छोटी पेटी, तिच्यात टोचणी आणि केसांची जाळी. पायाशी भूर्जाच्या सालीची बादली, तिच्यात गहू, मध आणि रानफळं घालून आंबवलेलं पेय होतं. गाईच्या कातड्यावर निजवून तिच्या अंगावर लोकरीचं पांघरूण घातलेलं होतं. गुडघ्याशी एक रानफूल ठेवलं होतं. ते फूल उन्हाळ्यात फुलतं, म्हणून तिला कोणत्या ऋतूत पुरलं तेही कळलं.

आणि एक गाठोडं होतं. त्यात पाच-सहा वर्षांच्या मुलाची जळलेली हाडं. वयाचा हिशेब पाहता ते मूल तिचं असणं कठीण. धाकटं भावंड होतं की आणखी कोण, हे कोणालाच सांगता आलेलं नाही. त्याच सुमारास आपल्या पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला शेतकऱ्यांची वस्ती होती. तिथं दगावलेली लेकरं दोन मडक्यांची तोंडं एकमेकांना लावून त्यात ठेवलेली, घराच्याच जमिनीखाली पुरलेली मिळाली आहेत. लेकरू दूर जाऊ नये, असं त्या आयांना वाटलं असेल का?

या मुलीचं माहेर कुठलं, यावर मात्र वाद आहे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. तिचे केस वीतभर, म्हणजे त्यात शेवटच्या दोनेक वर्षांची खूण राहिली. ते तपासून २०१५ साली काही शास्त्रज्ञ म्हणाले, ही दुरून, बहुधा आजच्या जर्मनीतून आलेली. दुसरे म्हणाले, आताच्या शेतकऱ्यांनी रानात चुना टाकल्यामुळे मातीची मोजमापं बदलली आहेत, ती तिथलीच असेल. दोन्हीकडचे लोक तिच्यासाठी भांडताहेत, हे ऐकून मला गंमत वाटली. तिचं नाव मात्र कोणालाच माहीत नाही. गावाच्या नावावरून तिला 'एग्टवेडची मुलगी' म्हणतात.

ती फणी आणि पेटी बघून माझ्या पोटात कालवलं. माझ्या सासूबाईंची एक फणेरपेटी होती. आत आरसा, फणी, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी. रोज सकाळी त्या ती पुढ्यात घेऊन बसायच्या. त्या गेल्यावर घर आवरताना मी ती भंगारवाल्याला देऊन टाकली. बदल्यात प्लॅस्टिकचा टब घेतला. तो टबही पुढच्या उन्हाळ्यात फुटला. इतक्या वर्षांत मला त्याचं काही वाटलं नव्हतं. त्या काचेसमोर वाटलं. तिकडे एका अनोळखी मुलीची फणी जपायला अख्खा वाडा दिला आहे, आणि मी घरातल्या बाईची फणी टबावर घालवली.

मैत्रिणींनो, तलवारी जपायला पुष्कळ लोक आहेत. चूल, जातं, फणी, गोधडी हे आपणच जपायला हवं. म्हणून एक सुचवते. बचत गटाच्या पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातली एक जुनी वस्तू आणावी. कोणाची होती, त्या बाईचं माहेर कुठलं, ती कशासाठी वापरायची, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून यावं. चिठ्ठीवर लिहून ती चिठ्ठी वस्तूला बांधावी. वस्तू नसेल तर नुसती आठवण लिहावी. आणि त्या बाईचं नाव आधी लिहावं. अमक्याची बायको, तमक्याची आई असं नको, तिचं स्वतःचं नाव.

माझ्या सासूबाईंचं नाव गंगूबाई. त्यांची पेटी आता माझ्याकडे नाही, पण वहीत पहिल्या पानावर मी त्यांचं नाव लिहिलं आहे. नात मोठी झाली की तिला वाचायला देईन.