पाटीवरचे नाव

कोथरूड-कर्वेनगर भागात वाढलेल्या कुणालाही ‘ताथवडे उद्यान’ कुठे, हे सांगावे लागत नाही. कर्वेनगरातल्या या बागेत आपल्यापैकी काहीजण सकाळी फिरायला जातात, काहीजण आता नातवंडांना घेऊन जातात. उद्यानाचे पूर्ण नाव आहे ‘शहीद मेजर प्रदीप ताथवडे उद्यान’. बोलता बोलता त्यातले ‘शहीद’ गळले, ‘मेजर’ गळले, ‘प्रदीप’ही गळले. एका माणसाचे नाव रिक्षावाल्याला सांगायची खूण होऊन राहिले.

मेजर प्रदीप ताथवडे यांना २००० साली जम्मू-काश्मीरमध्ये दहशतवाद्यांशी लढताना वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर कीर्तिचक्र मिळाले. त्याच्या आदल्याच वर्षी, १९९९ मध्ये, कारगिल झाले होते. कारगिलचे दिवस आपल्याला आजही आठवतात; २६ जुलै आला की कार्यक्रम होतात. मग लगेच पुढच्या वर्षी गेलेला हा अधिकारी आपल्या आठवणीत फक्त बागेपुरता का उरला?

याचे एक कारण आपल्या इतिहासाच्या वहीत सापडते. १९६२, १९६५, १९७१ या सनावळ्या आपण पाठ केल्या, कारण त्या युद्धांना सुरुवात होती आणि शेवट होता. दहशतवादविरोधी मोहिमेला तसे काहीच नसते. ना घोषणा, ना तह, ना विजयदिन. रात्री एखाद्या गावाला किंवा जंगलाला वेढा पडतो आणि सकाळी वर्तमानपत्रात चार ओळी येतात. या कामासाठी १९९० मध्ये राष्ट्रीय रायफल्स हे वेगळे दल उभारावे लागले, यावरूनच ही लढाई किती लांबणार होती ते कळते.

आपली शौर्यपदकेही हेच सांगतात. परमवीर, महावीर आणि वीरचक्र ही शत्रूसमोर गाजवलेल्या शौर्याची पदके. अशोकचक्र, कीर्तिचक्र आणि शौर्यचक्र ही १९५२ पासूनची दुसरी मालिका. तिला आजची नावे १९६७ मध्ये मिळाली. कीर्तिचक्राचा मान महावीरचक्राच्या तोडीचा. पण या मालिकेला म्हणतात ‘शांतताकालीन शौर्यपदके’. ज्याच्या घरी तिरंग्यात लपेटलेली शवपेटी येते, त्या घराला हा ‘शांतताकाळ’ कसा वाटत असेल?

पंधरा वर्षांनी तीच बातमी साताऱ्यात आली. पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक हे सातारा सैनिक स्कूलचे विद्यार्थी. १९६१ मध्ये सुरू झालेली ही देशातली पहिली सैनिकी शाळा. पॅराशूट रेजिमेंटच्या २१ व्या विशेष दलात घडलेल्या महाडिकांना ईशान्य भारतातील कामगिरीबद्दल २००३ मध्ये सेना पदक मिळाले होते. पुढे मराठा लाइट इन्फंट्रीशी संलग्न असलेल्या ४१ राष्ट्रीय रायफल्सचे ते प्रमुख झाले. १७ नोव्हेंबर २०१५ रोजी कुपवाड्याच्या जंगलात, आघाडीवर राहून शोधमोहीम चालवताना ते धारातीर्थी पडले. वय अवघे ३८. मरणोत्तर शौर्यचक्र मिळाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांना सैन्यात येण्यासाठी वयाची अट शिथिल करण्यात आली. चेन्नईच्या अकादमीतले खडतर प्रशिक्षण पूर्ण करून ९ सप्टेंबर २०१७ रोजी त्या लेफ्टनंट झाल्या.

कर्नल महाडिकांचा तपशील आपल्याला सहज मिळतो, कारण तो काळ वाहिन्यांचा आणि मोबाइलचा होता. मेजर ताथवडे यांच्या वेळी तसे नव्हते. त्या काळच्या आठवणी माणसांजवळच राहिल्या आणि माणसे आता वयाने थकत चालली आहेत.

म्हणून या मेळाव्याच्या निमित्ताने एक विनंती. आपल्या शाळेतून सैन्यात गेलेल्या सर्वांची एक वही करूया: नाव, तुकडी, दहावीचे वर्ष, कुठे नेमणूक झाली, आणि जे परतले नाहीत त्यांचा दिवस. वर्गशिक्षकांना आठवत असेल तर कोण कुठल्या बाकावर बसायचा, तेही त्यात असू द्या. शाळेच्या भिंतीवर पाटी लागेल तेव्हा लागेल. आधी पाटीमागचा माणूस लिहून ठेवू.

आणि उद्या सकाळी बागेत जाल, तेव्हा सोबतच्या नातवाला एकदा पूर्ण नाव वाचायला सांगा.