साक्षीदाराचे कूळ

हृदयविकाराच्या झटक्यातून बचावलेल्या माणसाच्या उशाशी तपासण्यांच्या कागदांची जी चळत दिवसागणिक वाढत जाते, तिच्यात ट्रोपोनिन, क्रिएटिनीन, साखर या मातबर नावांच्या खाली ‘सीआरपी’ (सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन) नावाचा एक आकडा बहुधा असतो. कोविडच्या साथीत घरोघरी तोंडपाठ झालेले हे नाव हृदयाच्या दप्तरी कोणत्या नात्याने दाखल झाले, याची चौकशी करण्याची फुरसत नातेवाइकांना नसते. आकडा चढला की उतरला, एवढ्यावर त्यांचा जीव टांगलेला असतो. वास्तविक या पदार्थाचे मूळ घर हृदयरोगाच्या वॉर्डात नसून न्यूमोनियाच्या वॉर्डात आहे, आणि त्याच्या नावातील ‘सी’ हे अक्षरही तिकडचेच.

सन १९३०च्या सुमारास न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटच्या रुग्णालयात, ऑस्वल्ड एव्हरी यांच्या प्रयोगशाळेत, विल्यम टिलेट आणि थॉमस फ्रान्सिस हे दोघे संशोधक न्यूमोकोकस या जंतूचे निरनिराळे अंश वेगळे काढून रुग्णांच्या रक्तजलाशी त्यांची गाठ घालून पाहत होते. पेनिसिलीन तर सोडाच, पण सल्फाची औषधेही अद्याप बाजारात आलेली नव्हती. न्यूमोनियाचा रुग्ण आठवडाभर तापाने फणफणत राही आणि मग एके दिवशी ताप एकाएकी उतरून तो वाचे किंवा वाचत नसे. जंतूच्या ज्या अंशाला या मंडळींनी ‘सी’ ही खूण दिली होती, तो रुग्णाच्या रक्तजलात मिसळला की नळीत पांढुरका साका धरे. असा साका प्रतिपिंडांमुळे धरतो हे ठाऊकच होते; परंतु प्रतिपिंडे रोग ओसरता ओसरता प्रकट होतात, आणि येथे तर सारा मामला उलटा होता: दुखणे ऐन भरात असताना साका भरघोस, आणि ताप उतरून रुग्ण बरा होऊ लागला की तो नाहीसा. पुढे हाच प्रकार इतर जंतूंच्या दुखण्यांतही आढळू लागला, तेव्हा रक्तजलातला साका धरवणारा हा पदार्थ, म्हणजेच सीआरपी, न्यूमोकोकसशी झुंजण्यासाठी खास घडवलेला नसून देहावर आलेल्या कोणत्याही गंभीर संकटाची वर्दी आहे, असे दिसू लागले. तो प्रथिनजातीचा आहे, हे १९४१ साली एव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, आणि १९४७ साली मॅक्लिन मॅकार्टी यांनी त्याचे स्फटिक मिळवले. हे तेच मॅकार्टी, ज्यांनी एव्हरी व मॅक्लाउड यांच्यासह तीनच वर्षांपूर्वी आनुवंशिकतेचे द्रव्य डीएनए असल्याचा पुरावा जगापुढे ठेवला होता. एवढ्या थोर शोधाच्या शेजारी या प्रथिनाची कथा झाकोळली गेली, यात नवल नाही.

शुद्ध प्रथिन हाती आल्यावर ते सशांना टोचून त्याविरुद्धचे प्रतिरक्तजल तयार करता आले, आणि तेथून तपासणी सोपी झाली. केसासारख्या बारीक काचनळीत आधी हे प्रतिरक्तजल व मग रुग्णाचे रक्तजल ओढून घ्यायचे, नळी काही तास देहाच्या उष्णतेवर आणि मग रात्रभर थंडीत उभी ठेवायची, आणि सकाळी तळाशी बसलेल्या पांढऱ्या थराची उंची मिलिमीटरमध्ये मोजायची, अशी ती रीत होती. संधिवाती ज्वराने पछाडलेल्या मुलांचा दाह शमला की नाही हे ठरवण्यासाठी ती प्रथम रूढ झाली. आणि याच वाटेने १९५४च्या सुमारास काही डॉक्टरांनी ती हृदयविकाराच्या झटक्याच्या रुग्णांना लावून पाहिली, तेव्हा तेथेही थर चढलेला दिसला. जंतूचा मागमूस नसताना हा पदार्थ का वाढावा? उत्तर असे, की रोहिणीत गुठळी बसून हृदयाच्या स्नायूचा तुकडा मेला म्हणजे त्या मृत मांसाची विल्हेवाट लावण्यासाठी पांढऱ्या पेशी धावून येतात, त्या गडबडीत इंटरल्यूकिन-६ हा निरोप्या रक्तात सुटतो, आणि त्याचा हुकूम पोहोचताच यकृत हे प्रथिन हजारपटीनेही अधिक निर्माण करू शकते. लंडनच्या संशोधकांनी १९८२ साली नोंदवले, की झटक्याची कळ सुरू झाल्यापासून सुमारे ५० तासांनी ही पातळी शिखर गाठते, आणि शिखर जितके उंच तितका स्नायूचा नाश मोठा. एरवी लिटरला तीन मिलिग्रॅमच्या आत राहणारा आकडा अशा वेळी शंभरीही ओलांडू शकतो. आणि रक्तातील प्रथिन दर १९ तासांनी निम्मे होत असल्यामुळे, आग विझली की तो आकडाही भराभर खाली येतो.

येथे टिलेट यांच्याकडे एकदा परत वळले पाहिजे. रॉकफेलर सोडून बाल्टिमोरला गेल्यावर, १९३३ साली, त्यांनी गार्नर यांच्यासह स्ट्रेप्टोकोकस जंतूपासून रक्ताची गुठळी विरघळवणारा एक पदार्थ शोधून काढला. तोच पुढे स्ट्रेप्टोकायनेज या नावाने झटक्याच्या रुग्णाला शिरेतून दिला जाऊ लागला, आणि १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या सतरा हजारांवर रुग्णांच्या चाचणीने त्याची सनद पक्की केली. आपल्याकडेही जेथे अँजिओप्लास्टीची सोय नाही, तेथे कित्येकांचे प्राण या औषधाने राखले आहेत. गुठळी वेळेवर विरघळून रोहिणी मोकळी झाली तर सीआरपीचे शिखर ठेंगणे राहते, म्हणजे एकाच माणसाचे दोन शोध पन्नास-साठ वर्षांनी एकाच खाटेपाशी भेटले: एकाने केलेल्या उपकाराची साक्ष दुसरा देऊ लागला.

साक्षीदारालाच आरोपी समजण्याचा मोह मात्र वैद्यकाला आवरला नाही. दाह वाढला की रुग्ण बिघडतो, तर दाहच दडपावा, या सरळ तर्काने झटक्यानंतर स्टेरॉइड देऊन पाहण्यात आले. १९७६ सालच्या एका अभ्यासात वारंवार मात्रा दिलेल्या रुग्णांत मृत स्नायूचे क्षेत्र घटण्याऐवजी वाढलेले आढळले. दाह हा केवळ शत्रू नाही. तोच मेलेले मांस उचलून नेतो आणि त्या जागी हृदयाची भिंत सावरून धरणारा चिवट वण घडवतो, तेव्हा त्याला सरसकट हद्दपार करणे म्हणजे भिंत पातळ ठेवणे. सीआरपीविषयीही असाच निवाडा पुढे झाला. ज्यांचा सीआरपी जन्मजात जनुकांमुळेच अधिक असतो, त्यांना हृदयरोग त्या मानाने अधिक होत नाही, असे आढळले. म्हणजे निदान रोहिणीच्या दुखण्याचे कारण म्हणून हा पदार्थ निर्दोष सुटला, असे म्हणायला माझी हरकत नाही.

तरीही दाहाची तहकीकात थांबली नाही. पूर्वी झटका येऊन गेलेल्या आणि सीआरपी दोनच्या वर राहिलेल्या दहा हजारांवर रुग्णांना कॅनाकिनुमॅब हे इंटरल्यूकिन-१ अडवणारे महागडे औषध देऊन पाहिले, तेव्हा २०१७ साली निष्कर्ष आला, की मधल्या मात्रेने नवे झटके, पक्षाघात व हृदयमृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी घटले. परंतु प्राणघातक संसर्ग वाढले आणि एकूण मृत्यू घटले नाहीत. मग लक्ष गेले ते गाउटचा दाह शमवणाऱ्या कोल्चिसीन या जुन्या, स्वस्त औषधाकडे. पावसाळ्यात आपल्या रानातून लालपिवळ्या ज्वाळांसारखी फुलणाऱ्या कळलावीत हेच विषारी द्रव्य असते. २०१९ सालच्या चाचणीत झटक्यानंतर महिनाभरात सुरू केलेल्या अर्ध्या मिलिग्रॅमने आशा दाखवली. २०२४ साली सात हजारांवर रुग्णांच्या मोठ्या चाचणीने मात्र ती मालवली. त्या चाचणीत औषध घेणाऱ्यांचा सीआरपी तीन महिन्यांनी खरोखरच उतरलेला होता. झटके, पक्षाघात आणि हृदयमृत्यू मात्र औषध न घेणाऱ्यांइतकेच झाले.