वेग आणि महाधमनी

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून सुटलेली आगगाडी ठाण्यास येऊन थांबली. पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणला पोचला. ठाणे, कल्याण, डोंबिवली या आपल्या गावांचा संसार पुढे या रुळांच्या काठानेच वाढला. वेगाने आपल्याला पुष्कळ दिले. पण छातीतील एक भयंकर दुखापतही त्याच्याच पावलांनी आली. तिचा इतिहास श्रोत्यांनी जाणून घ्यावा असा आहे.

हृदयातून निघालेली महाधमनी छत्रीच्या मुठीसारखी वळून खाली उतरते. वळणाचा भाग काहीसा मोकळा असतो, उतरता भाग मात्र पाठीच्या कण्याशी जखडलेला असतो. धावते शरीर एकाएकी थांबले म्हणजे मोकळा भाग पुढे झेपावतो, जखडलेला जागीच राहतो, आणि दोहोंच्या सांध्यापाशी भिंत फाटते. मग माणूस लोकलमधून पडलेला असो, परांचीवरून पडलेला असो, की महामार्गावर त्याच्या मोटारीची टक्कर झालेली असो.

१५५७ साली व्हेसालियसने घोड्यावरून पडलेल्या माणसात ही जखम नोंदविली. त्यानंतर कित्येक शतके ती बहुधा शवविच्छेदनाच्या मेजावरच उमगत असे. १९५८ साली अमेरिकेतील पार्मली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा शेकडो नोंदी तपासल्या. बहुसंख्य जखमी जागीच दगावले होते. परंतु काहींच्या धमनीचे बाहेरचे पातळ आवरण शाबूत राहून रक्त काही तास अडले होते. वैद्यकाची पुढली सारी धडपड या थोडक्यांसाठी आहे.

निदान सोपे नव्हे, कारण छातीवर ओरखडाही नसू शकतो. क्ष-किरणचित्रात हृदयावरची छाया रुंदावलेली दिसली की संशय येतो. १९७१ साली हाउन्सफील्डच्या यंत्राने पहिल्या रुग्णाचे चित्र घेतले. आज शिरेतून औषध सोडून काढलेले सी.टी. स्कॅन जखमेची नेमकी जागा दाखविते.

उपचार म्हणजे पूर्वी छाती उघडून फाटक्या भागी कापडी नळी शिवणे. त्यात मज्जारज्जूचा रक्तपुरवठा तुटून पाय लुळे पडण्याचे भय असे. १९८७ साली खारकीव्ह येथे व्होलोदोस यांनी रक्तवाहिनीच्या आतूनच आधाराची नळी बसविली. आता बहुधा जांघेतील धमनीतून तशी नळी सरकवितात. तोवर रक्तदाब औषधांनी आवरून धरतात, आणि दुसरीकडून जोराचा रक्तस्राव होत असेल तर तो आधी थांबवितात.

हे सारे रुग्णालयात पोचल्यावरचे झाले. त्याआधीचा वेळ आपल्या हाती असतो. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलाविता येते. जखमीला मदत करणाऱ्यास पोलीस-कचेरीचा जाच होऊ नये, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली बजावले आहे. पडलेला माणूस उठून बोलू लागला, तरी 'काही झाले नाही' म्हणून त्याला घरी धाडू नये. तो किती उंचीवरून पडला, किती वेगात होता, कशावर आदळला, एवढे डॉक्टरांना सांगावे. वरून न दिसणाऱ्या जखमेचा पहिला संशय पुष्कळदा या माहितीवरूनच येतो.