वर्षासनाची हमी

पैशाचा संचय करणें निराळें आणि आयुष्यभर पुरेल असें उत्पन्न बांधून घेणें निराळें. संचय कितीही मोठा असला तरी तो केव्हां संपेल हें कोणास सांगतां येत नाहीं. कारण आपण किती वर्षें जगणार हेंच कोणास ठाऊक नसतें. या अडचणीवर मराठी मुलखानें फार पूर्वींच तोड काढली होती. विद्वान शास्त्री, देवस्थानचे पुजारी, पदरचे जुने सेवक यांना राज्याकडून दरसाल ठराविक रक्कम पावती होत असे. तिला वर्षासन म्हणत. लढाईंत कामास आलेल्या शिपायाच्या मुलांबाळांस मिळणाऱ्या नेमणुकीला बालपरवेशी असें नांव होतें. इंग्रजींत ज्यास अ‍ॅन्युइटी म्हणतात व सरकारी मराठींत आतां ज्यास वार्षिकी म्हणतात, ती कल्पना या जुन्या शब्दांत पूर्णपणें आलेली आहे.

मात्र सनदेवर शिक्का उठला म्हणजे उत्पन्न निर्धास्त झालें, असें नव्हे. देणारा कोण, तो किती काळ देणार आणि घेणाऱ्याच्या मागें कोणास देणार, या तीन प्रश्नांचीं उत्तरें सनदेंत स्पष्ट नसलीं तर काय होतें, हें पाहावयाचें असेल तर जुन्या चांदा प्रांताकडे, म्हणजे आजच्या चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांकडे, वळावें. या अरण्यमय प्रदेशानें राजे पाहिले, राजांचे पेन्शनर झालेले पाहिले, आणि पेन्शनच्या आशेनें खाणींत उतरणारे मजूरही पाहिले.

चांद्याचें गोंड राज्य १७५१ सालीं नागपूरकर रघूजी भोसल्यांकडे गेलें. शेवटचा राजा नीलकंठशहा याचा अंत बल्लारपूरच्या किल्ल्यांत कैदेंत झाला. ज्या घराण्यानें चांद्याचा कोट बांधला त्या घराण्याच्या वारसांना पुढें जेत्यांनीं दिलेल्या नेमणुकीवर दिवस काढावे लागले. राज्याचें उत्पन्न जमिनींतून येतें; नेमणुकीचें उत्पन्न दुसऱ्याच्या मर्जींतून येतें. हा भेद चांद्यानें प्रथम येथें अनुभवला.

याहून मोठा धडा १८१८ सालीं मिळाला. इंग्रजांच्या फौजा पाठीशीं लागलेल्या असतां दुसरे बाजीराव पेशवे चांद्याच्या रोखानें वर्धा नदीकडे आले. नागपूरकर आप्पासाहेब भोसल्यांच्या पक्षाचें साहाय्य मिळेल आणि चांद्याच्या किल्ल्याचा आधार होईल, अशी त्यांची आशा होती. परंतु १७ एप्रिल १८१८ रोजीं पांढरकवड्यानजीक शिवणी येथें कर्नल अ‍ॅडम्सनें पेशव्यांच्या सैन्याचा पराभव केला. आणि मे महिन्यांत त्याच अ‍ॅडम्सच्या फौजेनें चांद्याचा तट फोडून शहर घेतलें. तेथचा किल्लेदार गंगासिंग लढतां लढतां पडला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, जूनच्या आरंभीं, बाजीराव सर जॉन माल्कम याच्या स्वाधीन झाले. राज्याच्या मोबदल्यांत त्यांना दरसाल ८ लाख रुपयांहून कमी नाहीं इतकें पेन्शन मिळावयाचें ठरलें.

हा सौदा हिशेबाच्या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. बाजीरावांचें वय तेव्हां ४३ वर्षांचें होतें. माल्कमनें फार मोठी रक्कम कबूल केली, अशी टीका त्याच्याच लोकांनीं केली. पुढें बाजीराव ब्रह्मावर्तास जाऊन राहिले आणि १८५१ च्या जानेवारींत वारले. म्हणजे ३२ वर्षांहून अधिक काळ कंपनी सरकार त्यांना पैसे मोजीत होतें, व ती एकूण रक्कम अडीच कोटी रुपयांच्या वर गेली. दीर्घायुष्य हा घेणाऱ्याचा लाभ आणि देणाऱ्याचा तोटा, हें वर्षासनाचें मूळ सूत्र येथें ठळकपणें दिसतें.

परंतु त्याच सूत्राची दुसरी बाजू बाजीरावांच्या मृत्यूनंतर प्रकट झाली. त्यांनीं १८२७ सालीं दत्तक घेतलेले नानासाहेब पेन्शनचे वारस म्हणून उभे राहिले. करारांत पेशव्यांबरोबर त्यांच्या कुटुंबाचाही उल्लेख आहे, म्हणून वर्षासन पुढें चालावें, असें त्यांचें म्हणणें. पेन्शन बाजीरावांच्या हयातीपुरतें होतें, तें त्यांच्याबरोबर संपलें, असें लॉर्ड डलहौसीच्या सरकारचें म्हणणें. नानासाहेबांनीं अझीमुल्लाखानास विलायतेस पाठवून दाद मागितली. तिचा उपयोग झाला नाहीं. एका घराण्याचा पोशिंदा गेला त्याच दिवशीं त्याचें उत्पन्नही गेलें, आणि त्या असंतोषाचा एक धागा १८५७ च्या वणव्यापर्यंत पोंचला. तीन दशकें मिळालेलें पेन्शन मोठें होतें यांत शंका नाहीं. परंतु पश्चात् काय, हें निर्विवाद शब्दांत लिहून घेतलेलें नव्हतें.

नागपुरासही हीच वेळ आली. ११ डिसेंबर १८५३ रोजीं तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले, आणि १८५४ मध्यें चांद्यासह त्यांचें राज्य खालसा झालें. भोसल्यांच्या वाड्यांतील जडजवाहीर, हत्ती, घोडे, बैल यांचा लिलाव झाला. आलेल्या पैशांतून राजकुटुंबाच्या निर्वाहासाठीं निधि करण्यांत आला, आणि बांकाबाईंसह राण्यांना नेमणुका बांधून दिल्या गेल्या. म्हणजे ज्यांचा माल, त्यांनाच त्या मालाच्या किमतींतून पेन्शन! पुढें १८५७ च्या धामधुमींत बांकाबाईंचें कुटुंब इंग्रजांशीं स्नेहानें राहिलें, म्हणून लॉर्ड कॅनिंगनें दत्तक जानोजींना मान्यता देऊन ‘देऊरचे राजेबहादूर’ ही पदवी व पेन्शन दिलें. नानासाहेबांचें पेन्शन बंद झालें आणि जानोजींना तें मिळालें; यांतील फरक कायद्याचा नसून राजकारणाचा होता. पुढें १८७१ च्या पेन्शन कायद्यानें ही गोष्ट लेखीच करून टाकली. सरकारनें दिलेल्या पेन्शनबद्दल दिवाणी कोर्टांत दावा लावण्याची वाट त्या कायद्यानें जवळजवळ बंद केली. सावकाराला पेन्शनवर जप्ती आणतां येणार नाहीं हें संरक्षण मात्र त्यांत होतें, व तें गरीब पेन्शनराला फार मोलाचें होतें.

एकीकडे राजेलोक मर्जीच्या पेन्शनवर जगत असतां, दुसरीकडे वर्षासनाला गणिताचा पाया मिळाला होता. एडमंड हॅले या इंग्रज ज्योतिर्विदानें १६९३ सालीं ब्रेस्लाऊ शहरांतील जन्ममृत्यूंच्या नोंदींवरून कोणत्या वयाचीं किती माणसें पुढें जगतात याचें कोष्टक केलें व त्यावरून वर्षासनाची किंमत कशी काढावी हें दाखविलें. तें तत्त्व घरगुती भिशीच्या उदाहरणानें समजतें. साठीच्या १०० माणसांनीं सारखी रक्कम एकत्र ठेवली आणि जो जगेल त्यालाच दरसाल हप्ता द्यावयाचा असें ठरविलें, तर कोणी ६५ व्या वर्षीं जाईल, कोणी नव्वदी गांठील. लवकर गेलेल्यांच्या उरलेल्या पैशांतून दीर्घायुषी लोकांचे हप्ते चालतात. एकट्या माणसाचें आयुष्य अनिश्चित असतें, परंतु मोठ्या समुदायाचें आयुष्य बरेंचसें मोजतां येतें. विमा कंपनी ही या भिशीची चालक होय. ज्या १८१८ सालीं चांदा पडला त्याच सालीं कलकत्त्यास ओरिएंटल लाईफ ही विमा कंपनी निघाली. १८७० सालीं मुंबईस बॉम्बे म्युच्युअल निघून तिनें देशी माणसांचा विमा साध्या दरानें उतरविण्यास आरंभ केला. आणि १९५६ सालीं या धंद्याचें राष्ट्रीयीकरण होऊन आयुर्विमा महामंडळ स्थापन झालें.

चांद्याच्या सामान्य माणसाला मात्र या साऱ्याचा लाभ फार सावकाश झाला. आलापल्लीच्या सागवानी जंगलांत सरकारी नोकरी करणाऱ्याला पेन्शनची आशा होती. पण कोळसा खणणाऱ्या मजुराला तशी कायद्याची हमी नव्हती. वरोऱ्याची सरकारी कोळसा खाण १९०६ मध्यें बंद झाली. खाण कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९४८ सालीं झाला, त्यांच्या कुटुंबनिवृत्तिवेतनाची योजना १९७१ सालीं आली, आणि कामगारास स्वतःस निवृत्तिवेतन देणारी योजना १९९८ सालीं. इतर कारखान्यांतील पगारदारांसाठीं १९९५ ची निवृत्तिवेतन योजना आहे. परंतु तिच्यांत महागाईप्रमाणें वाढ होत नाहीं, व २०१४ सालीं ठरलेली तिची किमान रक्कम दरमहा अवघी १,००० रुपये होती.

ज्यांना पगारच नव्हता अशा गोंड, माडिया व इतर वनवासी कुटुंबांचें वर्षासन म्हणजे अरण्य. मोहाचीं फुलें, तेंदूचीं पानें, बांबू हें त्यांचें दरसालचें उत्पन्न होतें, आणि वृद्धांना त्यांतून कुटुंबाच्या हातून वांटा मिळे. वनखात्याच्या नियमांनीं हा हक्क आकसला. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गांवास २००९ सालीं सामूहिक वनहक्क मिळाला. या उत्पन्नाचा विशेष असा कीं, तें एका माणसाच्या आयुष्यास बांधलेलें नाहीं. माणूस जातो, गांवाचा हक्क राहतो.

पेन्शन ही सरकारची मेहेरबानी, ही १८७१ ची समजूत शेवटीं न्यायालयानेंच मोडली. १७ डिसेंबर १९८२ रोजीं नकारा खटल्याच्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, निवृत्तिवेतन हें दान नसून पूर्वीं केलेल्या सेवेबद्दलचा हक्क आहे. हा दिवस पुढें पेन्शनर दिन म्हणून पाळला जाऊं लागला. योगायोग असा कीं, गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला तोही त्याच वर्षीं, ऑगस्टमध्यें.

परंतु चक्र पुन्हां फिरलें. १ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारच्या, व १ नोव्हेंबर २००५ पासून महाराष्ट्राच्या, सेवेंत दाखल होणाऱ्यांना ठराविक पेन्शनऐवजीं वर्गणीची पद्धति लागू झाली. नोकरानें व सरकारनें भरलेल्या पैशाचा निधि व्हावा, आणि निवृत्तीच्या वेळीं त्यांतील निदान ४० टक्क्यांचें वर्षासन विकत घ्यावें, अशी तिची मांडणी. मार्च २०२३ मध्यें राज्यांतील सरकारी कर्मचारी व शिक्षक जुन्या पेन्शनसाठीं संपावर गेले, तें याच कारणानें. आणि १ एप्रिल २०२५ पासून केंद्रानें पुरी सेवा केलेल्यास निश्चित पेन्शनची हमी देणारी एकत्रित योजनाही सुरू केली. तथापि ज्यांच्या पाठीशीं सरकारी नोकरी नाहीं अशा असंख्य घरांना वर्षासन स्वतःच निवडावें लागतें.

त्यांना बाजीरावांचीं कागदपत्रें आजही उपयोगीं पडतील. केवळ स्वतःच्या हयातीचें वर्षासन घेतलें तर हप्ता मोठा मिळतो, पण तो आपल्याबरोबर संपतो. ब्रह्मावर्तास घडलें तें हेंच. पतिपत्नींपैकीं मागें राहील त्यासही चालणारें वर्षासन घेतलें तर हप्ता थोडा कमी होतो, परंतु विधवेला दुसऱ्याच्या दारीं उभें राहावें लागत नाहीं. मूळ रक्कम वारसांस परत मिळण्याची अट घातली तर हप्ता आणखी घटतो. ज्या घरांत पत्नीचें निराळें उत्पन्न नाहीं तेथें मोठ्या हप्त्याचा मोह टाळणें हेंच शहाणपण.

महागाईचा हिशेब तर पेशवाईपेक्षां आज अधिक निकडीचा आहे. किमती दरसाल ६ टक्क्यांनीं वाढल्या तर १२ वर्षांत त्या दुप्पट होतात. म्हणजे साठीस पुरेसा वाटणारा हप्ता बहात्तरीस निम्मा आणि चौऱ्याऐंशीस चतुर्थांश मोलाचा उरतो. म्हणून साऱ्या पैशाचें एकाच वेळीं वर्षासन घेऊं नये. धान्य, औषधपाणी, घरपट्टी एवढा न टळणारा खर्च भागेल इतकेंच आधीं बांधून घ्यावें. उरलेली रक्कम वाढत्या ठिकाणीं राखून वय वाढेल तसें पुढचें वर्षासन घ्यावें. वाढत्या वयांत तेवढ्याच पैशांत हप्ताही अधिक मिळतो.

गोंडांचे वारस जेत्याच्या मर्जीवर राहिले, पेशव्यांचा वारस करारांतील एका शब्दावर अडला, भोसल्यांच्या राण्या स्वतःच्याच दागिन्यांच्या किमतीवर जगल्या. त्या राजघराण्यांना अटी ठरविण्याची सत्ता उरली नव्हती. आजच्या गृहस्थाला ती आहे. सही करण्यापूर्वीं ती वापरणें एवढेंच त्याच्या हातीं आहे.